किसनकाकांचं उठून येणं

आबांचा फोन आला तेव्हा मी ओल्या कागदाची गुंडाळी उलगडून मक्याचे कोंब मोजत होते. जालन्यात बियाण्याच्या एका कंपनीत उगवण तपासण्याचं काम मी बरीच वर्षं करते. आबा म्हणजे माझे वडील. फोनवर ते लांबण लावत नाहीत. "किसन वारला," ते म्हणाले. आणि मग, "या टायमाला खरंच." दुसऱ्या कुठल्याही घरात हे वाक्य विचित्र वाटलं असतं, आमच्या घरात ते सांगणं भाग होतं. मी हातातली गुंडाळी मोजून पूर्ण केली, हात धुतले आणि शेजारच्या शमुवेल सरांना निरोप धाडला. रडू आलं नाही. मनात आलं ते एवढंच, की आता काकू काय करेल? या गोष्टीला काही आठवडे झाले. काकूनं जे केलं त्याचा अर्थ मला अजून नीट लागलेला नाही, म्हणून हे लिहिते आहे.

किसनकाका माझे धाकटे चुलते. आमचं गाव केदारखेडा, भोकरदन तालुक्यात. एक्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात भोकरदनच्या बाजारात काकांच्या हातून बैल सुटला आणि भरल्या बाजारात उधळला. आबांनी चार माणसांदेखत त्यांच्या मुस्काटात मारली. काका तेव्हा तिशीच्या आतबाहेर होते. लग्नाला काही वर्षं झालेली, मूलबाळ नव्हतं. त्यांनी बैल धरून आणला, खुंट्याला बांधला, आणि बाजारातून जे गेले ते गेलेच. विहिरी पाहिल्या, जालन्याचं स्टेशन पाहिलं, परतूरपर्यंत माणसं धाडली. पत्ता नाही. हरवलेल्या माणसाची बारा वर्षं वाट पाहायची अशी आमच्याकडे रीत आहे. त्यानंतर तो मेला असं धरायचं. प्रेत नसतं, म्हणून पळसाच्या काड्या आणि दर्भ यांचा पुतळा करायचा, डोक्याच्या जागी नारळ ठेवायचा आणि त्याला अग्नी द्यायचा. बारा वर्षं भरली आणि आबांनी अग्नी दिला. पुतळा अंगणातून उचलला तेव्हा बायकांनी काकूचं कुंकू पुसलं, बांगड्या फोडल्या. काकूचं नाव सरस्वती, पण सगळं गाव तिला सरूच म्हणे. ती एक शब्द बोलली नाही. घरात दिवा ठेवला, त्याखाली पीठ पसरलं, वर टोपलं पालथं घातलं. सकाळी पिठावर ज्याचं पाऊल उमटेल त्या जन्माला माणूस गेला, असं समजतात. पिठावर तीन बारीक रेघा होत्या. "चिमणी झाला गं किसन!" म्हणून बायका हळहळल्या आणि सुटल्यासारख्याही झाल्या. माझ्या मते ते झुरळ होतं.

त्यानंतर दोन वर्षं झाली असतील नसतील, भर दुपारी काका फाट्यावर बसमधून उतरले आणि चालत घरी आले. काकू अंगणात मिरच्या वाळत घालत होती. तिनंच त्यांना पहिल्यांदा पाहिलं. ती ओरडली नाही की धावली नाही. उठून आत गेली, तांब्या भरून आणला, पायरीवर ठेवला. ओसरीच्या कोनाड्यात काकांचं जेवणाचं पितळी ताट उभं असायचं, एका बाजूनं चेपलेलं. इतक्या वर्षांत ते कोणी आत नेलं नव्हतं. ते तिनं धुतलं, भाकरी आणि पिठलं वाढलं, ओसरीवरच ठेवलं आणि पुन्हा मिरच्यांपाशी जाऊन बसली. तोवर गल्ली जमली. "पाय पाह्य गं, उलटे तर न्हाईत?" "खाऊन राह्यला ना? मंग भूत न्हाई." आबा आले आणि त्यांनी काकांचा डावा हात उचलून पाहिला. कडबाकुट्टीत करंगळीचं पेर गेलेलं होतं, तीच खूण. मग आबा खाली बसले ते बराच वेळ उठलेच नाहीत.

निजामाबादकडे लाकडाच्या वखारीत होतो, एवढंच काकांनी सांगितलं. मी भेटायला गेले तेव्हा सरळ विचारलं, एक पत्र का नाही टाकलंत? "निघतो निघतो म्हनता राहून गेलं, शकू." याच्यावर एक अक्षर जास्त नाही. चिमणीचं सांगितलं तेव्हा मात्र हसले. "म्या तिकडं लाकडं वाहून राह्यलो व्हतो, अन् तुम्ही मला इकडं दाणे टिपायला लावलं का?"

पण हसण्यावारी नेण्यासारखं ते प्रकरण नव्हतं. भोकरदनच्या गुरुजींनी पोथी पाहून सांगितलं की ज्याचे दिवस झाले तो परत आला तर त्याला पुन्हा जन्माला घालावं लागतं. तुपानं न्हाऊ घालायचं, बारसं करायचं, नाव ठेवायचं आणि शेवटी त्याच बायकोशी पुन्हा लग्न लावायचं. तोवर त्याला जिवंतांच्या पंगतीत बसता येत नाही. गावाला तेवढंच हवं होतं. "किसनराव, घुगऱ्या कवा वाटता?" "पाळण्याची दोरी कोन वढनार, आमी येऊ का?" काका ऐकून घेत. ते तुपानं न्हायला तयार होते, बारशालाही तयार होते. अडलं लग्नाशी. काकूनं माझ्या आईला सांगितलं, "एकदा केलं तेवढं पुष्कळ झालं." आईनं फार धरल्यावर म्हणाली, "गुरुजी सांगून राह्यले, भावजी सांगून राह्यले. ज्याला पाह्यजे त्याला तोंड न्हाई का?" म्हणजे प्रश्न एवढाच होता की काका स्वतः काकूजवळ जाऊन काही बोलतात की नाही. ते बोलले नाहीत. ओसरीवर झोपत, ओसरीवर जेवत. काकू कपाळ मोकळं ठेवून दोन वेळचं ताट त्यांच्यापुढे ठेवत असे आणि आत निघून जाई. दहा-अकरा वर्षं हे असं चाललं. आजारपणात तिनं त्यांचं सगळं केलं, पण उंबऱ्याच्या आत त्यांना घेतलं नाही, आणि तेही कधी आत गेले नाहीत.

टोमणे फार झाले की काका जालन्याला माझ्याकडे येत. पेरणी-कापणीला गावी, बाकी दिवस माझ्या ओट्यावर. आमच्या ओट्याला लागून शमुवेल सरांचा ओटा. सर शाळेत गणित शिकवायचे, पुढे निवृत्त झाले. दर उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, त्यांच्या चर्चच्या मंडळीत प्रभूनं वधस्तंभावर काढलेल्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. त्यातला एक उद्गार सरांकडे ठरलेला असे आणि त्याची तालीम ते ओट्यावर येरझाऱ्या घालत करत. काकांनी पहिल्या वर्षी ती सगळी ऐकली. नंतरच्या, ईस्टरच्या रविवारी सर पहाटेची उपासना करून कब्रस्तानातून परतले, बाहीवर मेणबत्तीचं मेण सांडलेलं. "प्रभू उठला आहे, किसनराव!" काका कडुनिंबाची काडी चावत बसले होते. त्यांनी सगळी हकीकत विचारून घेतली, एखाद्या पाहुण्याच्या घरची विचारावी तशी.

"पह्यलं कोन भेटलं त्याला?"

"बाया. पहाटे कबरेवर गेल्या होत्या, सुगंधी मसाले घेऊन."

"मंग, पाहून खूश झाल्या?"

"घाबरल्या. एकीला तर तो माळीच वाटला."

काकांनी काडी तोंडातून काढली. "वळखलं न्हाई?"

"नाही. दुसरे दोघे त्याच्याबरोबर गावापर्यंत बोलत चालत गेले, त्यांनीसुद्धा नाही ओळखलं. जेवायला बसले तेव्हा कळलं."

"मंग सर, हे खरं आहे. बिलकुल खरं आहे," काका म्हणाले. "खोटं रचनारानं लिव्हलं असतं, दुरून पाह्यलं अन् गळ्यात पडले. उठून आलेल्या मानसाला कोनी वळखत न्हाई. हे आल्याबिगर कळत न्हाई."

सर आयुष्यभर या गोष्टीचे पुरावे देत आले होते, पण असा पाठिंबा त्यांना कोणी दिला नव्हता. ते खूशही झाले आणि जरा अस्वस्थही. मला मात्र राहवलं नाही. मी म्हटलं, सर, चार जणांनी चार तऱ्हेनं लिहिलंय असं तुम्हीच सांगता. कोणी एक देवदूत पाहिला, कोणी दोन. बायांची नावंही एक नाहीत. सर म्हणाले, "चारही उत्तरपत्रिका सारख्या असत्या तर मी कॉपी धरली असती, शकूताई." मग देह कोणी उचलून नेला नसेल कशावरून? "ही शंका पहिल्यांदा त्या बायांनीच घेतली. रिकामी कबर पाहून कोणी टाळ्या नाही वाजवल्या. कुणी नेलं, कुठं ठेवलं, म्हणून रडत होत्या." माणूस नाहीसा झालेलं घर मी पाहिलं होतं. रिकाम्या जागेतून आशा निघत नाही, पहिल्यांदा निघतो तो संशयच, हे मला माहीत होतं.

अशी ही चर्चा वर्षानुवर्षं चालली. सर एकदा म्हणाले, बी जमिनीत मरतं म्हणून तर उगवतं. हा माझा प्रांत. मी म्हटलं, "सर, मेलेलं बी उगवत नाही. उगवतं ते जिवंतच असतं, निजलेलं. मेलेलं बी ओल्या कागदात कुजतं, बुरशी धरतं, वास मारतं. मी रोज पाहते." सर काही बोलायच्या आत काकांनी विचारलं, "मंग म्या निजलेला व्हतो का कुजलेला, शकू?" थट्टेच्या सुरात विचारलं होतं... पण उत्तराची वाट पाहत राहिले. मी चहा टाकायला आत गेले.

दुसऱ्या एका वर्षी त्यांनी सरांना विचारलं, "ते तीन दिवस तो कुठं व्हता, हे कोनी इचारलं का त्याला?"

"कोणीच नाही विचारलं. आमच्या प्रार्थनेत म्हणतो, अधोलोकात उतरला."

"नशीबवान," काका म्हणाले. "व्हतो म्याबी तिथंच. पन मला समदे इचारतात."

सरांना ही बरोबरी खुपायची. ते सोशिक माणूस, पण धर्माच्या बाबतीत ढिलाई नाही. एकदा ते स्पष्टच म्हणाले, "किसनराव, प्रभू परत आला नाही, तो पुढे गेला. मरणाच्या पलीकडे. त्याला पुन्हा मरण नाही. तुमच्यासारखा परत आला तो लाजर. प्रभूनं त्याला कबरेतून बोलावलं, तो आला, आणि पुढे कधीतरी पुन्हा मेलाही असेल." काकांना हे नवीन होतं. लाजर कोण, घरी कोण कोण, सगळं विचारलं. दोन बहिणी, हे कळलं. मग हळूच, "त्याला पंगतीत घेतलं का त्यायनं?"

"घेतलं. प्रभू जेवायला आले तेव्हा तो बरोबर बसलेला होता, असं शास्त्रात आहे."

"आत? समद्यांसंगं?"

"सगळ्यांसंगं."

"अन् काय बोलला तो?"

"त्याचा एकही शब्द लिहिलेला नाही," सर म्हणाले. "काही लोक मात्र त्याला पुन्हा मारायला टपले होते. तो जिवंत असणं त्यांना अडचणीचं होतं."

"केदारखेड्याचे असतील," काका म्हणाले आणि तिघंही हसलो. पण त्या दिवसापासून ते लाजरचं नाव घेत ते एखाद्या सोयऱ्याचं घ्यावं तसं. ते ख्रिस्ती झाले नाहीत, तसा विचारही कधी केला नाही, आणि सरांनीही त्यांना ते कधी सुचवलं नाही. काकांना धर्म बदलायचा नव्हता. परत आलेल्या माणसानं पुढं काय करायचं असतं, एवढंच त्यांना कुणाकडून तरी ऐकायचं होतं.

ते सरांनी यंदा सांगितलं. यंदाच्या पुनरुत्थानाच्या रविवारी काकांनी पुन्हा तेच काढलं, माळी समजलेल्या बाईला शेवटी कळलं कशानं? सर म्हणाले, "त्यानं तिला नावानं हाक मारली. कुठे होतो ते सांगितलं नाही, चूक कोणाची ते काढलं नाही. एक हाक मारली. तिनं वळून पाहिलं." आणि लगेच, "तुम्ही सरूबाईंना मारलीत का कधी हाक?"

"आमच्यात बायकोचं नाव घेत न्हाईत, सर."

"लग्नात उखाणा घेतलाच असेल की."

"घेतला व्हता. पोरं हसली." काकांचा चेहरा बदलला. "तुम्ही मला शास्त्र सांगा, सर. माझ्या घरचं सांगू नका." आणि ते उठून आत गेले. बरेच दिवस दोन ओट्यांमध्ये बोलणं नव्हतं. सर मला म्हणाले, गणिताच्या मास्तरानं एवढं पुढे जायला नको होतं.

मग एके सकाळी काकांनी पिशवी भरली. नांगरटीला अजून अवकाश होता, पण मी विचारलं नाही. बसस्टँडवर त्यांना खिडकीची जागा धरून दिली, पाण्याची बाटली दिली. गाडी सुटता सुटता ते गजांमधून म्हणाले, "शकू, नाव घेतलं अन् तिनं ओ न्हाई दिली, तर?" मी म्हटलं, "मग निदान कळेल तरी." त्यांनी मान हलवली. "बराबर हाय... कळंल." ही आमची शेवटची भेट.

मी आणि सर दुपारी केदारखेड्याला पोचलो. काकांना ओसरीवरच निजवलं होतं. अंगणात पुरुषांचा घोळका, आणि त्यात एक अवघडलेला वाद चाललेला. एका माणसाला दोनदा अग्नी देता येतो का? बारसं झालं नाही, लग्न लागलं नाही, शास्त्रानं हा माणूस जन्मलाच नाही, तर त्याचं मरण कसं धरायचं? कुणीही टवाळी करत नव्हतं. खरोखर कुणाला कळत नव्हतं. गुरुजी पोथी न उघडता बसून होते. शेवटी आबा उठले. "तवा म्या पुतळा जाळला," ते म्हणाले. "हा माझा भाऊ हाय." आणि ते लाकडं पाहायला गेले. वाद तिथं संपला.

काकू चुलीपाशी बसली होती. मी तिच्याजवळ बसले. तिनं माझ्याकडे न पाहता सांगितलं, "त्यानं हाक मारली."

"कधी?"

"सकाळी. म्या भाकरी थापून राह्यले व्हते. सरस्वती, म्हनला. सरू न्हाई. उखाण्यात घेतलं व्हतं तसं, पुरं."

"मग?"

"तव्यावर भाकर व्हती. म्हनलं, इतकी वर्सं म्या थांबले, तू एका भाकरीपुरता थांब." तिनं चुलीतलं विझलेलं लाकूड उगाच पुढे सारलं. "भाकर उलथली, शेकली अन् म्या भाईर गेले. भितीला टेकून बसलेला... गेल्ता."

आबांना हे कळलं तेव्हा त्यांनी मान हलवली. "भास झाला तिला. कळ आली असंल, कन्हला असंल. किसन जन्मात तिचं नाव घेनार न्हाई." बाकीच्यांनाही तेच वाटलं. दुसरं कोणी तिथं नव्हतंच.

उचलायची वेळ झाली. काकू उठली, देव्हाऱ्यातून कुंकवाचा करंडा घेतला आणि ओसरीवर आली. बायका सरकल्या. तिनं काकांचा डावा हात हातात घेतला, ते पेर तुटलेलं बोट सोडून शेजारचं धरलं, करंड्यात बुडवलं आणि स्वतःच्या कपाळाला टेकवलं. वाकडंतिकडं, मोठं कुंकू उमटलं. "लागलं लगीन," ती म्हणाली, अगदी नेहमीच्या आवाजात. "जा आता." मग स्वतःच्याच तळव्यानं कपाळ पुसलं. पुसायला कोणाला पुढे येऊ दिलं नाही. गुरुजी दुसरीकडे पाहत होते. सर अंगणात उभे होते, टोपी हातात धरून.

परतीच्या वाटेवर जीपमध्ये मी सरांना विचारलं, मारली असेल हाक? ते बाहेरची काळी रानं पाहत होते. "साक्षीदार एकच," ते म्हणाले. "तीही दुःखात. माझ्यानं सांगवत नाही." मला राग आला. मी म्हटलं, सर, तुमचा सगळा सण पहाटे गेलेल्या बायांच्या शब्दावर उभा आहे. त्यांनाही पुरुषांनी बडबड म्हणून उडवून लावलं होतं, हे तुम्हीच मला सांगितलंत. तिथं विश्वास बसतो आणि सरूकाकूवर नाही? सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "बसत नाही असं नाही, शकूताई... बसू नये असं वाटतं. हाक खरी असेल तर ती भाकरीही खरी. ती बाई उरलेलं आयुष्य त्या भाकरीसंगं काढणार. आणि हाक मारायला मी सांगितलं होतं." एखादी गोष्ट खरी निघाली तर ती आनंदाचीच असेल असं आपण धरून चालतो. सरांनीही इतकी वर्षं तसंच धरलं होतं. त्या दिवशी जीपमध्ये पहिल्यांदाच ते एखादी गोष्ट खरी निघेल म्हणून घाबरलेले दिसले.

तेराव्याला मी पंगतीची ताटं काढत होते. ओसरीचा कोनाडा रिकामा दिसला. मी काकूला विचारलं, ताट कुठं गेलं?

"आत ठेवलं."

"इतकी वर्षं बाहेर होतं. पुतळा जाळला तेव्हासुद्धा नाही काढलंस."

काकूनं माझ्याकडे पाहिलं, मठ्ठ पोरीकडे पाहावं तसं. "तवा कुठं मेल्ता तो?"

मी हातातली ताटं खाली ठेवली. "तुला माहीत होतं?"

"मालूम नसतं तर इतका राग कशाचा आला असता मला?" ती म्हणाली आणि भात पाहायला गेली.

म्हणजे बारा वर्षं, आणि गावानं कुंकू पुसल्यानंतरची ती वर्षंसुद्धा, काही न पाहता, कुणी न सांगता, तो जिवंत आहे हे ती धरून होती. त्यातून तिला दिलासा मिळाला नाही, उलट रोज चटका बसत होता. जिवंत आहे आणि येत नाही. शमुवेल सरांच्या ओट्यावर आम्ही इतकी वर्षं विश्वासाबद्दल बोललो, पण हे कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं, की असा विश्वास कधीकधी अंगावर फोडासारखा वागवावा लागतो. मेलेलं बी उगवतं, असं मी आजही म्हणणार नाही. पण काकांनी हाक मारली होती, असं मी मानते. मी ती ऐकली नाही. तपासूही शकत नाही. खोटं रचणारीनं तव्यावरची भाकरी मध्ये आणली नसती.

परवा गावी गेले तेव्हा काकूनं मला आत, चुलीपाशी वाढलं. ताट काकांचं होतं. चेपलेल्या बाजूला वरण साचतं आणि ते सरळ बसत नाही, घासागणिक डुगडुगतं. एका हातानं धरून जेवावं लागतं. मी धरलं आणि जेवले.